कॉफीचे बीन्स वाटून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सहा जण आहोत, कोणी दर्यापूरकडचं, कोणी वरुडचं, कोणी परतवाड्याचं, दोघं पुसदकडचे. मिळून कॉफीचे बीन्स मागवतो, वाटून घेतो, घरी करून पितो अन् मग ज्याला जे लागलं ते एकमेकांना सांगतो. नवीन कोणी यायचं म्हटलं की तेच तेच प्रश्न येतात आणि दरवेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून सगळं एका जागी लिहून काढलं.

स्पेशालिटी कॉफी म्हणजे नेमकं काय? महाग कॉफी म्हणजेच स्पेशालिटी का?

नाही, महाग असली म्हणून होत नाही. कॉफी चाखणारे शिकलेले लोक तिला १०० पैकी गुण देतात, ८० किंवा वर गेली तर स्पेशालिटी. आपल्या हातात काही ते गुण येत नाहीत, पण पाकीट पाहून अंदाज येते. इस्टेट म्हणजे कॉफीचा मळा कोणता, झाडाची जात कोणती, प्रक्रिया (फळातली बी वाळवायची पद्धत) कोणती अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भाजल्याची तारीख, हे सगळं लिहिलेलं असलं तर समजायचं की विकणाऱ्याला स्वतःच्या मालाची कदर आहे. संत्रा घेताना आपण विचारतोच ना, आंबिया का मृग, बाग कुठली, तोडा कधीचा? तसंच आहे हे.

अख्खं पाकीट मी एकटाच घेतलं तर काय बिघडते? वाटून कशाला घ्यायचं?

बिघडत काहीच नाही, पण शिकणं राहून जाते. पाकीट साधारण २५० ग्रॅमचं असते, एका कपाला १५ ग्रॅम धरले तर सोळा कप. रोज एक कप म्हटलं तर सोळा दिवस तुम्ही एकच चव पिणार, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिभेला तिची सवय होते, मग ती चांगली आहे का वाईट तेही कळत नाही. तेच चौघांनी चार वेगळी पाकिटं मागवून प्रत्येकाचे चार वाटे केले तर प्रत्येकाजवळ चार प्रकारचे बासष्ट-बासष्ट ग्रॅम येतात. पैसा तेवढाच लागला, कपही तेवढेच झाले, पण चार कॉफ्या शेजारी शेजारी ठेवून पिता आल्या. मला तर पहिलं वर्षभर वाटायचं की कॉफी सगळी सारखीच, थोडी कमी-जास्त कडू, बस. दोन वाट्या बाजूबाजूला ठेवल्या त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की एक आंबट आहे अन् दुसरी गुळचट आहे. एकट्या वाटीनं हे कधीच समजलं नसतं.

पैशाचा हिशोब कसा ठेवता?

भिशीसारखा. दर महिन्याला एकाची पाळी, तो मागवतो, बाकीचे आपापल्या वाट्याचे पैसे त्याच दिवशी फोनवरून टाकतात. कुरिअरचा खर्चही सगळ्यात वाटायचा, मागवणाऱ्यावर ठेवायचा नाही, नाहीतर दोन महिन्यांनी मनात येतेच. ६०० चं पाकीट चौघांत म्हणजे १५० रुपये, ते कोणालाही जमते. वजन मात्र अंदाजानं नको. सोनाराजवळ असतो तसा पॉइंटमध्ये दाखवणारा छोटा काटा मिळते, तो एक घेऊनच ठेवा, पुढे कॉफी करतानाही तोच कामी येते.

वाटा पोचवायचा कसा? आमच्या गावात कुरिअर येत नाही.

आमच्यात तिघांच्या गावात येत नाही. एक तर तालुक्याच्या गावी ओळखीच्या दुकानात पार्सल उतरवायचं आणि आठवडी बाजाराच्या दिवशी उचलायचं. नाहीतर एसटीचं पार्सल, नाहीतर टपाल, नाहीतर काळीपिवळीत कोणी येणारं-जाणारं असलं तर त्यांच्या हाती. दूध-भाजीसारखी घाई नसते, बीन्स दोन-तीन दिवस इकडेतिकडे झाल्यानं काही होत नाही.

पण पॅकिंग नीट करा. एकदा मी ६० ग्रॅम बीन्स साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुसदला पाठवले, त्याच थैलीत घरचं तिखट आणि काळा मसालाही होता, तिकडच्या ताईंनीच मागितला होता. पिशवी फुटली नव्हती, गाठ पक्की होती, तरी तिकडे पोचेपर्यंत बीन्सला मसाल्याचा वास लागला तो लागलाच. चांगली आंध्रातल्या अरकू खोऱ्याची कॉफी होती, तीन कप करून पाहिले अन् शेवटी टाकून द्यावी लागली, मला लय वाईट वाटलं. कॉफी वास ओढते, हे तेव्हापासून पक्कं डोक्यात बसलं. आता आम्ही कॉफीच्या पाकिटाचीच रिकामी झिपवाली पिशवी जपून ठेवतो, तिला बारीक भोकाचा व्हॉल्व्ह असते त्यातून आतला गॅस बाहेर जाते पण हवा आत येत नाही. ती नसली तर काचेची कोरडी बाटली, जिच्यात आधी लोणचं-मसाला कधीच नव्हता अशी.

पिशवीवर पेनानं लिहा: इस्टेट, जात, प्रक्रिया, भाजल्याची तारीख, ग्रॅम.

उन्हाळ्यात मागवायचे का?

मार्चपर्यंत बिनधास्त. एप्रिलपासून जपून, आणि नवतपात तर नाहीच. ४५-४६ डिग्रीत बंद गाडीत पार्सल दिवसभर पडून राहिलं तर आत काय भट्टी होत असेल विचार करा, तेलही सुटते अन् वासही उडून जाते. आम्ही मे महिन्याचं एप्रिलच्या सुरुवातीलाच मागवून फ्रीजरमध्ये टाकतो.

फ्रीजरमध्ये? कॉफी फ्रीजमध्ये ठेवू नये म्हणतात ना?

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नये, तिथं ओल असते, कापलेला कांदा असते, सांभार (कोथिंबीर) असते. फ्रीजर वेगळा. पंधरा-पंधरा ग्रॅमच्या पुड्या हवा काढून घट्ट बंद करायच्या आणि एक बाहेर काढली की ती परत आत टाकायची नाही. मोठी पिशवी असली तर बाहेरच्या हवेइतकी होईस्तोवर उघडायची नाही, नाहीतर गार बीन्सवर पाणी धरते. लाईट जाऊन तास-दोन तास फ्रीजर बंद पडला तर काही होत नाही, उघडझाक तेवढी करू नका. फ्रीजर नसला तर घरातली सगळ्यात आतली अंधारी खोली, कोठीची खोली असते ना, तिथं. गॅसच्या ओट्यावर, पत्र्याखाली, खिडकीत नको.

भाजल्या भाजल्या ताजी कॉफी सगळ्यात चांगली का?

आश्चर्य वाटेल, पण नाही. भाजल्यानंतर बीन्समधून कार्बन डायऑक्साइड बरेच दिवस निघत राहतो, दुसऱ्याच दिवशी केली तर पाणी टाकल्याबरोबर भसाभसा फेस येते अन् पाणी नीट आत शिरत नाही. आठवडाभर थांबा, हलकी भाजलेली असली तर दोन आठवडे. गावापर्यंत यायला चार-पाच दिवस लागतात ते त्यातच धरायचे, म्हणजे उशिराचा आपल्याला फायदाच झाला. उघडल्यावर महिनाभरात संपवावी.

मी ग्राइंडर घेतला नाही, तुम्ही दळून पाठवाल का?

हे तेवढं मागू नका, राग मानू नका पण आम्ही दळून पाठवत नाही. दळलेल्या कॉफीचा वास तासाभरात कमी व्हायला लागते, गावात पोचेपर्यंत तर नुसती कडवट पूड उरते अन् मग तुम्ही म्हणाल की यात काय विशेष आहे, अन् तुमचं बरोबरच राहील. सुरुवातीला मिक्सर चालते. थांबून थांबून फिरवा, भांडं हलवा, मग पिठाच्या चाळणीनं अगदी बारीक पीठ काढून टाका. पुढे जमलं तर हातानं फिरवायचा बरवाला ग्राइंडर घ्या, त्याच्या दोन दातेरी चकत्यांच्या मधून दाणा सारखा दळला जाते आणि लाईट गेली तरी काम अडत नाही.

किती जाड दळायची ते आम्ही असं सांगतो: फ्रेंच प्रेसला (जाळीचा दट्ट्या दाबायचं भांडं) अन् चाखायला ज्वारीच्या कण्यांसारखी, व्ही६०ला (कागदी फिल्टर लावायचं नरसाळं) रव्यासारखी, मोका पॉटला (गॅसवर ठेवायची कॉफीची किटली) त्याहून बारीक, दाक्षिणात्य स्टीलच्या फिल्टरलाही बारीक, पण पीठ नको.

सगळं तुमच्यासारखंच केलं तरी माझी कॉफी फिकी लागते. काहून?

आधी पाणी पाहा. कपात अठ्ठ्याण्णव टक्के पाणीच असते, अन् आपल्याकडे पाणी हाच मोठा विषय आहे.

आमचं दर्यापूर पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येते, अकोला, अमरावती, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. इथलं बोअरचं पाणी खारं, त्यात डाळसुद्धा शिजत नाही, कॉफी कुठून होणार. खारपाणपट्ट्याच्या बाहेर, वरुड-मोर्शीकडे किंवा यवतमाळकडे पाणी गोड लागते पण बऱ्याच विहिरींचं जड असते, भांड्याला पांढरा थर धरते ते. हे क्षार कॉफीतला आंबटपणा खाऊन टाकतात. जी कॉफी वरुडच्या संत्र्यासारखी लागायला पाहिजे ती खडू घोटल्यासारखी लागते, आणि आपण दोष बीन्सला देतो.

मग लोक आरओच्या कॅनवर जातात. त्याचा उलटा त्रास. कॅनच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की चव ओढून काढायला काही उरत नाही, कॉफी पातळ अन् टोचरी लागते. कॉफीसाठी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार किती तो आकडा, साधारण १५०च्या आसपास चांगला मानतात, ७५ ते २५० पर्यंत चालते. टीडीएस मोजायचं पेनासारखं मशीन दोन-तीनशे रुपयांत येते, सगळ्या गटात मिळून एक घ्या, घरोघर फिरवा. समजा तुमच्या विहिरीचा ६०० आला आणि कॅनचा ३०, तर चार ग्लास कॅनचं अन् एक ग्लास विहिरीचं मिसळा, १४४ येते. झालं काम. खाऱ्या पाण्यात मात्र हे करू नका, तिथं मीठच जास्त असते आणि आकडा बरोबर आला तरी चव खारटच राहते. मी नळाचं पाणी येते त्या दिवशी दोन बाटल्या वेगळ्या भरून ठेवते, फक्त कॉफीसाठी. घरच्यांना आता माहीत झालं, त्या बाटल्यांना कोणी हात लावत नाही.

वाटप करताना पाणीही सांगा. एकाच पिशवीतले बीन्स वरुडला आंबट अन् दर्यापूरला सपक लागले, तर भांडण बीन्सचं नाही.

सामान कोणतं घेऊ? बजेट फार नाही.

फ्रेंच प्रेस घ्या, हजारच्या आत येतो आणि चुकायला जागा कमी. १५ ग्रॅम कॉफी, २४० मिली पाणी, चार मिनिटं, हळू दाबा, लगेच ओता. पाणी उकळलं की हलक्या भाजणीला तसंच टाका, गडद भाजणीला मिनिट-दोन मिनिट थांबा. आंबट, पातळ लागली तर बारीक दळा, कडू अन् जीभ सुकवणारी लागली तर जाड दळा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

एकत्र चाखायला बसता तेव्हा काय करता?

रविवारी सकाळी, कोणाच्या तरी घरच्या ओट्यावर. तिखट नाश्त्याच्या आधी, हे महत्त्वाचं आहे, मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर जीभ तासभर काही सांगत नाही.

एकाच मापाच्या स्टीलच्या वाट्या घ्यायच्या. १५० मिली पाण्याला सव्वाआठ ग्रॅम हे जगभर चाखणाऱ्यांचं माप आहे, आम्ही आठ धरतो. कण्यांसारखी जाड दळून वाटीत टाकायची, आधी कोरड्याचाच वास घ्यायचा. मग उकळून थोडं थांबलेलं पाणी काठापर्यंत ओतायचं अन् चार मिनिटं हात लावायचा नाही. वर जाड थर जमते. चार मिनिटांनी नाक अगदी वाटीजवळ नेऊन चमच्यानं तो थर मोडायचा, त्या एका क्षणी जो वास वर येते ना, त्यासाठी मी पहाटे उठून तयारी करते. मग वरचा फेस काढून टाकायचा, दहा-बारा मिनिटं गप्पा करायच्या आणि मग चमच्यानं भुरका मारायचा. जोरात मारायचा, लाजायचं नाही, भुरक्यानं कॉफी हवेसोबत सगळ्या तोंडात पसरते अन् वास मागून नाकात चढते. वाटी थंड होईस्तोवर परत परत चाखा. गरम असताना सगळ्या जवळपास सारख्या लागतात, कोमट झाल्यावर खरं काय ते बाहेर येते, चांगली असली तर अजून गोड होते, वाईट असली तर लपत नाही.

वाटीखाली चिठ्ठी ठेवा, नाव झाकलेलं. आणि पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, आपापल्या वहीत लिहायचं. एक जण 'संत्रा' म्हणाला की सगळ्यांना संत्राच लागायला लागते. थोडी सवय झाली की तीन वाट्यांचा खेळ करा: दोन वाट्यांत एक कॉफी, तिसरीत दुसरी, वेगळी कोणती ते ओळखायचं. लय शिकवते हा खेळ.

पाकिटावर लिहिते ब्लूबेरी, रेड वाइन, जस्मिन. मला यातलं काहीच लागत नाही. माझी जीभ खराब आहे का?

जीभ अजिबात खराब नाही. जे फळ आपण कधी खाल्लंच नाही त्याची चव कॉफीत कुठून सापडणार?

मागच्या थंडीत कर्नाटकातल्या चिकमंगळूरकडची एक नॅचरल (अख्खं फळ सुकवलेली) कॉफी आली होती, पाकिटावर रेड वाइन लिहिलेलं. आम्ही सगळे वाटीभोवती बसून, कोणी म्हणते गोड आहे, कोणी म्हणते काहीतरी आंबलं आहे, शब्द काही सापडेना. माझ्या सासूबाई तांदूळ निवडत बाजूला बसल्या होत्या, त्यांचं माहेर धारणीकडचं. त्यांनी चमचाभर घेतली, भुरका मारला, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "हे तर सुकलेल्या मोहफुलासारखं लागून राहिलं ना वं." आम्ही सगळ्यांनी परत चाखली. मोहफूलच! उन्हात दोन दिवस पडलेल्या मोहफुलाचा तो जड, गोड, थोडा आंबूस वास, अगदी तोच. लहानपणी टोपलीत वेचलेलं मोहफूल त्यांच्या नाकात पक्कं बसलेलं होतं. त्या दिवसापासून आम्ही पाकिटावरचे शब्द बाजूला ठेवले अन् आपले लिहायला लागलो.

आता आमच्या वहीत काय काय आहे सांगते. आंबट म्हणून थांबायचं नाही, कोणतं आंबट ते लिहायचं: लिंबाचं, संत्र्याचं, कैरीचं, चिंचेचं, का कवठाचं? चिंचेचं आंबट जिभेच्या मागे ओढते, संत्र्याचं पुढेच चमकून जाते, फरक आपल्या सगळ्यांना माहीतच आहे. गोड असलं तर काकवीचं, जुन्या गुळाचं, सीताफळाचं, पिकल्या टेंभराचं. भाजका वास असला तर फुटाण्याचा, शेंगदाण्याचा, का हुरड्याचा? तुरट असलं तर संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाचं. संत्र्याच्या सीझनमध्ये आम्ही खरंच एक फोड कॉफीशेजारी ठेवतो, फोड खाऊन मग भुरका मारतो, तर लगेच कळते की कॉफीत संत्रा आहे का नुसता भास होता.

वाटा दुसऱ्याला पाठवताना हे शब्द चिठ्ठीत आत टाका, पण चिठ्ठी घडी करून, म्हणजे त्यानं आधी चाखावं अन् मग वाचावं.

वॉश्ड, नॅचरल, हनी हे काय असते? हनीत मध घालतात का?

मध नसते. कॉफीचं फळ लाल बोराएवढं असते, आत दोन बिया. नॅचरलमध्ये अख्खं फळ उन्हात सुकवतात, आपण अंगणात मिरची वाळवतो तसं, म्हणून फळाची चव बीत उतरते. वॉश्डमध्ये साल-गर काढून, आंबवून, धुऊन मग सुकवतात, चव स्वच्छ अन् मोकळी येते. हनी मधला प्रकार. सीताफळाची बी कितीही चोखली तरी वर गुळगुळीत चिकट गर राहतेच ना, तसा चिकट गर ठेवून बी वाळवतात. नवीन माणसानं पहिल्यांदा एकाच इस्टेटचं वॉश्ड अन् नॅचरल शेजारी ठेवून चाखावं, अर्धे प्रश्न तिथंच सुटतात.

परदेशी बीन्स मागवायचे का भारतातले?

आम्ही भारतातलेच मागवतो, त्यातच अजून किती बाकी आहे. बाबा बुदन नावाच्या सूफी संतांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या अशी कथा सांगतात, ते डोंगर आजही त्यांच्याच नावानं आहेत. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमंगळूर, बाबाबुदनगिरी आणि अरकू खोऱ्याची अरेबिका, अन् वायनाडची रोबस्टा (अरेबिका अन् रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती), अशा पाच कॉफ्यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. या पाचही एकदा चाखायच्या असं ठरवलं तरी वर्ष जाते. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालते, म्हणून नव्या हंगामाचा माल उन्हाळ्याच्या सुमारास भाजणाऱ्यांकडे यायला लागते. नागपूरला कॉरिडॉर सेव्हनसारखे भाजणारे आहेत, आपल्याला सगळंच बंगळुरूहून आणायची गरज राहिली नाही.

रोबस्टाला नाक मुरडू नका. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, चव जड, पण नीट पिकवलेली असली तर दुधात तिच्यासारखी दुसरी नाही.

आपल्या चिखलदऱ्याची कॉफी या वाटपात चालते का?

चालते काय, मला तर तीच सगळ्यात जास्त हवी असते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर, अरेबिकाला लागते तेवढी उंची आहे, अन् इंग्रजांच्या काळापासून तिथं कॉफीची झाडं आहेत. लागवड थोडी, माल थोडा, आणि फिरायला गेलं की हाती येते ती बहुतेक पूडच, कधी दळली त्याची तारीख नाही. म्हणून कोणी जाणार असलं तर अख्खे बीन्स मिळतात का विचारा, मिळाले तर भाजल्याचा दिवस विचारा, आणि किती का कमी असेना, सगळ्यांत वाटा. तीस ग्रॅम आले तरी चाखायच्या तीन वाट्या होतात. वरुडकडच्या एकानं कच्चे बीन्स आणून लोखंडी कढईत भाजले होते, हलवत हलवत, फुटाण्यासारखा पहिला तडतड आवाज आला की थोड्या वेळानं उतरवले. काही दाणे करपले, काही कच्चे राहिले, पण मेळघाटातली कॉफी आपल्या गावात भाजली याचा आनंद सगळ्यांना झाला. पुढच्या हिवाळ्यात परत करणार आहोत.

मला दूध-साखरेशिवाय जात नाही. मी येऊ का?

या ना. पहिले दोन भुरके नुसते मारा, मग वाटीत दूध घाला, साखर घाला, कोणी काही म्हणणार नाही. चिकोरी (एका झाडाचं भाजलेलं मूळ) मिसळलेली पूड मात्र वाटपात नको, पाकिटावर टक्के लिहिलेले असतात ते वाचा, त्यात बीन्सची चव ओळखता येत नाही.

मला आवडली नाही तर कसं सांगू? पैसे सगळ्यांनी टाकले असतात.

सरळ सांगा. पण "बेकार आहे" एवढंच म्हणू नका, पाणी कोणतं, दळण कसं, किती ग्रॅम, किती वेळ ते सोबत लिहा. दोनदा असं झालं की एकाला अजिबात आवडली नव्हती ती दुसऱ्याची वर्षातली सगळ्यात आवडती निघाली, मग उरलेली अदलाबदल केली.

माझ्या गावात कॉफी पिणारं कोणीच नाही. सुरुवात कशी करू?

एक पाकीट मागवा, भाजल्याची तारीख पाहून. साठ ग्रॅम स्वतःला ठेवा, बाकीच्याच्या तीन पुड्या करा. एक शाळेतल्या मास्तरांना, एक मेडिकलवाल्या दादाला, एक माहेरी किंवा बहिणीकडे. मिक्सरमध्ये कशी दळायची ते चिठ्ठीत लिहून द्या, पाणी कोणतं घ्यायचं तेही लिहा. पुढच्या बाजाराच्या दिवशी विचारा कशी लागली. तिघांपैकी एक जण जरी म्हणाला की थोडी आंबट होती पण दुसऱ्या दिवशी परत करून पाहिली, तर पुढचं पाकीट दोघांत मागवा आणि दोन वाट्या घेऊन त्याच्या ओट्यावर जाऊन बसा.